गड न्हाणताना



व्याख्यानाचा विषय कळवा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही 'प्राचीन वास्तूंचे जतन आणि श्रमदान' असे भारदस्त शब्द लिहून पाठवले. पत्र टपालात पडल्यावर लक्षात आले की, आमच्यात ना कोणी पुरातत्त्वज्ञ, ना कोणी इतिहाससंशोधक. आमच्या मंडळात दोन शिक्षक आहेत, एक बँकेतले कारकून आहेत, एक वायरमन, एक कापडदुकानदार, आणि दरसाल बदलणारी दहाबारा कॉलेजातील मुलेमुली. गेली एकोणीस वर्षे महिन्यातले दोन रविवार सह्याद्रीतल्या एका लहानशा गडावर घमेली वाहतो, एवढीच आमची योग्यता. तेव्हा घमेले वाहणाऱ्याने जसे बोलावे तसेच बोलू. गडाचे नाव मात्र सांगणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. ते आमच्याच फजितीचे आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र येथील बहुतेकांच्या परिचयाचे असेल. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यातले दुर्गांचे प्रकरण नेहमी उद्धृत होते ते गडांची थोरवी सांगण्यासाठी. आम्ही मात्र त्यातली घरकामाची वाक्ये पुन्हा पुन्हा वाचतो. पंत सांगतात की, गडावरच्या वाटांवर केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा. तटावर वाढणारी झुडपे वरचेवर कापून काढावी. तटाचे आणि तटाखालचे गवत जाळावे. आणि या सगळ्या खटाटोपाला त्यांनी शब्द वापरला आहे तो गड न्हाणण्याचा. एवढा मोठा मुत्सद्दी, राज्यकारभाराचे शास्त्र सांगायला बसलेला, आणि त्याला आठवते काय, तर आंघोळ! मूल एकदा न्हाऊन चालत नाही, आणि गडही चालत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते.

(गवत जाळण्याचा सल्ला मात्र आज कोणी शिरसावंद्य मानू नये. त्या काळी गडावर राबता होता, आग आवरणारे शेकडो हात होते. आज फाल्गुनात कोणी काडी ओढली, तर वणवा उतरत उतरत खालच्या रानात जातो. झाडे जातात, सरपटणारे जीव जातात, आणि तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात ते निराळेच. शिवाय राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आम्ही विळ्याने कापतो.)

१८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेले. पुष्कळ गडांच्या वाटा, दरवाजे, पायऱ्या त्यांनी मुद्दाम सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कोणी तेथे पाय रोवू नये. ही हकिगत आपण त्वेषाने सांगतो, आणि ती खरीही आहे. परंतु एवढी वर्षे गडावर राबून आमचे मत असे झाले आहे की, सुरुंगाने जेवढे पडले त्याहून अधिक पडले ते न्हाणणे थांबल्यामुळे. शिबंदी उठली, हवालदार गेला, त्याबरोबर गटार उपसणारा आणि तटावरचे रोप उपटणारा माणूसही गेला. पुढचे काम पावसाने केले.

हे काम पाऊस कसे करतो ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सगळी गोम तेथेच आहे. गडाचा तट लांबून एकसंध दिसतो, पण तो तसा नसतो. बाहेरून घडीव दगडांचा एक पडदा, पुष्कळदा आतूनही एक, आणि मध्ये दगडगोटे, माती, चुना यांची भर. कित्येक ठिकाणी तर चुना मुळीच नाही; दगडावर दगड नुसता बसवलेला. घाटमाथ्यावर शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी वरून भरीत मुरते, आणि मुरलेल्या पाण्याला बाहेर पडावेच लागते. जुन्या गवंड्यांनी त्याच्यासाठी वाटा ठेवल्या होत्या. तटाच्या माथ्याला उतार दिला, फरसबंदीला ढाळ दिला, बुंध्याशी लहान लहान भोके ठेवली. या वाटा मोकळ्या असल्या तर तट शेकडो वर्षे उभा राहतो. त्या बुजल्या की पाणी आत कोंडते, भर फुगते, आणि बाहेरचा पडदा हळूहळू पुढे येतो. गवंडी याला 'तटाचे पोट सुटले' म्हणतात. पोट सुटलेला तट पाचदहा पावसाळे काढतो, आणि एका श्रावणात रात्री बसतो.

दुसरा शत्रू पिंपळ. वड, उंबर हे त्याचेच भाऊबंद. पाखराने फळ खावे, तटावर बसावे, आणि विष्ठेतून बी दगडाच्या सांध्यात पडावे. पहिल्या वर्षी त्याला चारसहा पाने असतात. दोन बोटांच्या चिमटीत धरले की मुळासकट निघते. तिसऱ्या वर्षी कोयता लागतो. दहाव्या वर्षी मूळ तटाच्या पोटात माणसाच्या मांडीएवढे झालेले असते, आणि मग मोठा पेच पडतो. ते कापले तर पुन्हा फुटते, राहू दिले तर दगड हलवते, आणि ओढून काढले तर तटच घेऊन येते. कारण तोवर मुळाने जे दगड ढिले केले, तेच दगड आता मुळाच्या आधाराने उभे असतात.

हे शहाणपण आम्हांला कोठून आले, ते आता सांगतो.

आमच्या कामाचे चौथे वर्ष होते. पहिली तीन वर्षे आम्ही वाटा मोकळ्या केल्या, बाटल्या नि प्लॅस्टिक पोत्यांनी खाली आणले, एक टाके उपसले. माणसे वाढली होती, उत्साह वाढला होता, आणि खरे सांगायचे तर केर उचलून कंटाळलोही होतो. काहीतरी दिसेल असे काम करावे, असे सगळ्यांच्या मनात होते. गडाच्या पश्चिम अंगाला तटात एक जुना पिंपळ होता. आम्ही ठरवले की हा काढायचा आणि तट दुरुस्त करायचा. गड कोणत्याच संरक्षित यादीत नव्हता, म्हणून कोणाला विचारण्याचे कारण नाही, असे आम्हीच आम्हांला सांगितले. वास्तविक जमीन वनखात्याची होती. तरी विचारले नाही.

बुंध्याला दोर बांधला, वीस जण लागले, जयजयकार केला आणि मूळ ओढून काढले. कोनाड्याएवढे भगदाड पडले. ते आम्ही दगड घालून सिमेंटने भरले. सिमेंट उरले होते. चौदा पोती आम्ही डोक्यावरून चढवली होती, ती परत थोडीच न्यायची? म्हणून लगतच्या चाळीस फूट तटाचे सांधे सिमेंटने भरून घेतले. बुंध्याशी काही भोके होती. उंदराची बिळे असावीत असे समजून तीही बुजवली.

गडाखालच्या वाडीतले एक म्हातारे गुरे घेऊन वर येत. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. ते काठी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि आमच्यातल्या शिक्षकांना म्हणाले, "गुरुजी, ती भोकं नका बुजवू. पावसात तिथनं धार लागती."

"बाबा, आता नाही लागणार. पक्कं काम केलंय," आम्ही म्हणालो.

पहिला पावसाळा गेला. तट उभा होता आणि सांध्यांच्या करड्या रेघा दुरून चमकत होत्या. एका वर्तमानपत्रात फोटोही आला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका रात्री, चाळिसातला बावीस फूट तट खाली गेला. त्याच्या खालून वाडीतल्या बायांची सरपणाची वाट जाते. रात्र होती म्हणून कोणाला लागले नाही. सकाळी दहाची वेळ असती तर आज आम्ही या व्यासपीठावर उभे राहिलो नसतो, आणि राहूही नये.

पाऊस ओसरल्यावर वर गेलो. जुन्या बांधकामांची जाण असलेले एक निवृत्त अभियंते आमच्याबरोबर आले होते. त्यांनी ढिगाऱ्यातला एक तुकडा दाखवला. सिमेंटने जोडलेले बाहेरचे आठदहा दगड अख्ख्या लादीसारखे एकत्र निखळले होते. आणि त्यांच्या मागची भर चिखल होऊन वाहून गेली होती. त्यांनी आम्हांला बोल लावला नाही. फक्त विचारले, "पाणी कुठून जाईल असं वाटलं होतं तुम्हांला?" आम्हांला काही वाटलेच नव्हते. बाबाही आले होते. तेही 'मी सांगत होतो' असे म्हणाले नाहीत. म्हणाले, "पान्याला वाट लागती, गुरुजी."

म्हणून गडाचे नाव सांगत नाही. सांगितले तर उद्या कोणी जाऊन त्या बावीस फुटांचा फोटो काढील, आणि त्याखाली काळाचा महिमा असे लिहील. तो काळाचा महिमा नव्हे. ती आमची चौदा पोती आहेत.

सिमेंट वाईट आणि चुना चांगला, इतके सोपे हे प्रकरण नाही. नव्या पुलाला सिमेंटच हवे. पण जुन्या भिंतीचा आणि चुन्याचा स्वभाव जुळतो, सिमेंटचा जुळत नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो रटरटतो आणि विरतो. विरलेला चुना जितका मुरवावा तितका बरा. मग त्यात वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा. कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा वा हिरड्याचा काढा घालीत. दगडी चाक आणि त्याला फिरायला गोल चर, अशा चुन्याच्या घाणी आजही अनेक गडांवर पडलेल्या दिसतात. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. तो थोडा मऊ राहतो, थोडे हलू देतो, आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट लवकर आवळते, हलू देत नाही, आणि ओल अडवून धरते. चुन्याचे काम भर उन्हात करता येत नाही, मुसळधार पावसात करता येत नाही. ओली गोणपाटे टाकून दिवसचे दिवस राखावे लागते. रविवारी सकाळी चढून संध्याकाळची एस.टी. गाठणाऱ्या माणसांना ते जमणारे नाही. ज्यांना जमते असे गवंडी थोडे उरले आहेत. चुन्याचे काम त्यांनी करावे आणि आम्ही पाणी वाहावे, ही आता आमच्या मंडळाची वाटणी आहे.

टाके उपसल्याचे मघाशी ओझरते सांगितले. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे, कारण तट पुन्हा बांधता येईल. सह्याद्रीतली खडकात कोरलेली टाकी फार जुनी. नाणेघाटात इसवी सनापूर्वीच्या सातवाहन राणीचा प्रसिद्ध लेख आहे आणि तेथेच वाटसरूंसाठी पाण्याची टाकीही आहेत. कान्हेरीच्या लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि त्यातल्या एका पोढीचा दाता कल्याणचा सोनार आहे. राजाने नव्हे, सोनाराने पाणी दिले. पुढे किल्ले बांधताना टाके कोरून निघालेला दगड तटाला लागला. एकाच घावात पाणी आणि बांधकाम. असे एक टाके, वीस फूट लांब, बारा फूट रुंद, गाळाने काठोकाठ भरलेले, आम्ही सहा रविवारांत रिकामे केले. माणसांची साखळी करून घमेली काढली आणि गाळ कड्यावरून खाली लोटला. सातव्या रविवारी तळाशी झरा दिसला, तेव्हा आनंदाने कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढच्या वर्षी एक अभ्यासक बाई गड बघायला आल्या. टाके बघून त्यांनी कौतुक केले, आणि विचारले की गाळ कोठे आहे. आम्ही कडा दाखवला. त्या खाली उतरल्या, आणि तासाभराने ओंजळभर वस्तू घेऊन वर आल्या. खापरे, त्यांत निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्याचे दोन तुकडे, एक गंजलेला खिळा, कौलाचा कोपरा. त्या म्हणाल्या की, गाळ थराथराने साठतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. कोणत्या थरात काय होते हे लिहून ठेवले असते, तर हा गड केव्हा नांदता होता आणि केव्हा ओस पडला, ते या टाक्याने सांगितले असते. आता या खापरांना तोंड नाही. कागदपत्रांत ज्या गडाचे जेमतेम दोन उल्लेख सापडतात, त्या गडाची हीच बखर होती, आणि ती आम्ही जयजयकार करीत कड्यावरून लोटली होती.

तेव्हापासून गाळ काढायचाच असेल, तर जाणकार हजर असल्याशिवाय घमेले भरायचे नाही, असा नेम केला. कायद्याचेही म्हणणे असेच आहे, हे आम्हांला उशिरा कळले. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. घरी फडताळात ठेवलेला तोफगोळा हे गडप्रेम नव्हे. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाची मोडतोड केली, तर २०१० च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि मोडतोड म्हणजे केवळ नावे कोरणे असे समजू नका. आम्ही जे केले ते संरक्षित गडावर केले असते, तर आमच्या चौदा पोत्यांचाही हिशेब तेथेच लागला असता.

हा मोह आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून त्या नव्या करण्याची लाट आली, तेव्हा विल्यम मॉरिस नावाच्या कवी-कारागिराने १८७७ मध्ये तिच्याविरुद्ध एक संस्थाच काढली. त्याचे म्हणणे थोडक्यात एवढेच की, रोजची निगा राखा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही. आपल्या पुरातत्त्वखात्यासाठी जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये नियमपुस्तक लिहिले, त्याचाही रोख तोच. मॉरिसने आज्ञापत्र वाचले असण्याचा संभव नाही. पण रोजचे न्हाणे दोघांनाही सुचले.

आता थोडे अप्रिय बोलतो. गडांवर श्रमदान करणारी मंडळे आज गावोगाव आहेत, आणि त्यांच्या घामाबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे. गवतात रुतलेली तोफ लाकडी गाड्यावर ठेवतात, हे चांगलेच. लोखंड ओल्या मातीतून सुटते. पण ती कोठे, कोणत्या दिशेला तोंड करून पडली होती, हे न लिहिता उचलली आणि वर काळा तेलरंग फासला, तर लोखंड वाचले आणि माहिती गेली. शेताच्या बांधावरचे वीरगळ गोळा करून देवळासमोर सिमेंटच्या ओट्यात ओळीने बसवतात. कपडे धुण्याचा दगड होण्यापेक्षा हे बरे, असे आम्हीही म्हणतो. तरी ज्या वेशीवर तो वीर पडला ती वेस आता कोण सांगणार? उचलण्यापूर्वी एक फोटो, एक माप, चार ओळी. याला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे यासाठी साधी दोनशे पानी वही आहे. तारीख, हजर माणसे, काय केले, काय दिसले. मंडळातली मुले तिला 'गडाचा जमाखर्च' म्हणतात. आमच्या एकोणीस वर्षांच्या खटपटीतून उद्या काही उरले, तर त्या वह्याच उरतील असे वाटते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आम्हीही त्या दिवशी पेढे वाटले. या बारांना खाते आहे, पाहारेकरी आहेत, अभियंते आहेत. महाराष्ट्रात लहानमोठे साडेतीनशेहून अधिक गड सांगितले जातात. त्यातले बहुसंख्य आमच्या गडासारखे, कोणत्याही यादीत नसलेले. तेथे दोन बोटांनी रोप उपटायला जो जाईल तोच त्यांचा हवालदार.

आणि हे काम खरोखर दोन बोटांचेच आहे. आश्विनात पाऊस थांबला की तटाच्या कडेने चालत जायचे आणि चारसहा पानांची रोपे काढायची. मोठ्या झाडाला हात लावायचा नाही. त्याची नोंद करायची, जाणकाराला दाखवायचे. गेल्या आश्विनात आम्ही ४१२ रोपे काढली. त्यातले प्रत्येक दहा वर्षांनी दोर लावून वीस जणांनी ओढण्याच्या लायकीचे झाले असते. फोटो काढण्यासारखे यात काही नसते. दिवसभर राबून संध्याकाळी मागे वळून बघावे, तर गड सकाळी होता तसाच दिसतो. नवी मुले पहिल्या वर्षी यामुळे हिरमुसतात. एकाने तर विचारले, "सर, आपण आज नक्की केलं काय?" दुसऱ्या वर्षी तोच मुलगा वही घेऊन पुढे चालत होता.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आम्ही आज न झाडताच बोलायला उभे राहिलो आहोत, हे क्रमाला सोडून झाले. त्या बावीस फुटांचे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. पडलेले २१४ घडीव दगड आम्ही मोजून, आतल्या अंगाला चुन्याने क्रमांक घालून, वाटेपासून दूर रचून ठेवले आहेत. बायांची वाट वाडीकरांच्या सल्ल्याने वरच्या अंगाने फिरवली. रीतसर अर्ज दिला आहे. परवानगी आणि चुन्याचा गवंडी दोन्ही मिळाल्याशिवाय एकही दगड जागेवर चढवायचा नाही, असे ठरले आहे. बाबा आता नाहीत. त्यांचा नातू आमच्या वहीत सही करतो, आणि बुंध्याची उरलेली भोके मोकळी ठेवण्याचे काम त्याच्याकडे आहे.

मृग तोंडावर आला आहे. त्यापूर्वी माथ्यावरचे चर मोकळे करायचे आहेत, म्हणून येत्या रविवारी आम्ही जात आहोत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी सभेनंतर दाराशी नाव द्यावे. पहाटे सव्वापाचची एस.टी. आहे. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, विळा, जाड हातमोजे आणि दुपारची भाकरी आणावी. कड्याला आग्या मोहोळ आहे, म्हणून अत्तर लावून येऊ नये आणि विडी ओढू नये. दगड उचलताना आधी काठीने हलवावा. खाली विंचू असतो. आणि कोणी प्रेमाने सिमेंटचे पोते देऊ केले, तर ते कृपा करून आपल्या घराच्या गच्चीला वापरावे.